कार्ड चालत नाही, पण काहून ते तर सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीला जर्मनीत शिकायला जायचंय, त्या अर्जाची फी होती 75 युरो. पैसे जवळ होते, इंटरनेट होतं, तरी ती फी भरायला आम्हाला पाच दिवस लागले आणि तेवढ्यात शेवटची तारीख दोन दिवसांवर आली, म्हणून हे पत्र लिहितेय.

गोकुळपेठ मार्केटात 10 रुपयांचा सांभार घेतला तरी आपण क्यूआर स्कॅन करतो. 2016 मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून खरंच खूप सोपं झालंय, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या साइटवर यूपीआयचा पर्यायच नव्हता. माझं कार्ड रूपेचं, तिथं फक्त व्हिसा आणि मास्टरकार्ड. मग ह्यांचं व्हिसा डेबिट कार्ड टाकलं, तीनदा टाकलं, तीनही वेळा 'ट्रान्झॅक्शन डिक्लाइन्ड' एवढंच आलं. बँकेत गेलो तर काउंटरवर म्हणाले सर्व्हर डाउन असेल, उद्या करून पाहा.

सर्व्हरचा काही संबंधच नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच ठेवून देतात, ते आपण स्वतः चालू करायचे असतात. हे आम्हाला शेजारच्या कॉलेजातल्या पोरानं सांगितलं. ॲपमध्ये चालू केलं तरी जमेना, कारण तिथली लिमिट शून्यावर होती, ती वेगळी वाढवावी लागते हे आणखी एका दिवसानं कळलं! नियम चांगलाच आहे, परदेशातल्या कितीतरी साइटवर ओटीपी विचारतच नाहीत, नुसता कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे टाकले की पैसे गेले, त्यामुळे बंद असलेलंच बरं. मी पण काम झाल्यावर परत बंद करून टाकलं. पण हे कार्ड हातात देतानाच का नाही सांगत?

शिवाय आमच्या कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात पैसे भरले की बँक लावते तो जास्तीचा आकार, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी लागला, म्हणजे शंभर रुपयांमागे चार रुपयांच्या वर गेले, हेही स्टेटमेंट आल्यावर समजलं.

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ह्या धावपळीत एका एजंटनं आम्हाला म्हटलं की 500 रुपये द्या, तुमचा लॉगिन पासवर्ड द्या, मी माझ्या कार्डावरून भरून देतो. मुलगी द्यायला तयार झाली होती, मीच नाही म्हटलं. पण तारीख डोक्यावर आली की पोरं देतातच ना, त्यांना तरी काय दोष द्यायचा. घरात कोणाकडेच क्रेडिट कार्ड नाही अशी कितीतरी घरं आपल्या मानेवाडा, हुडकेश्वर भागात आहेत, आणि एफडीवर पगाराच्या स्लिपशिवाय क्रेडिट कार्ड मिळू शकतं हे त्यांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं.

रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आपल्याच गावात आहे, ज्या चौकाला आपण अजूनही आरबीआय चौक म्हणतो तिथं. तिथल्या साहेबांनी हे वाचलं तर एवढंच करा, कार्डाच्या पाकिटात एक मराठी कागद टाकायला लावा, हे कार्ड परदेशी साइटवर चालतं की नाही, चालू कसं करायचं, लिमिट कुठे, किती पैसे जास्त लागतील. आणि पेमेंट अडकलं तर मेसेजमध्ये खरं कारण येऊ द्या.

पुढच्या महिन्यात मुलीला आणखी दोन अर्ज भरायचेत.

आपली,
एक आई, मानेवाडा, नागपूर