भंगारात देण्याआधी फीत एकदा उजेडात धरून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचे टेपरेकॉर्डरच्या फितीचे स्पूल, कॅसेटचे खोके आणि बांधणी सुटलेले रेकॉर्डचे अल्बम खाली येतात आणि किलोच्या भावाने जातात. देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र. त्याला निमित्त आहे जॉन फाउल्ड्स नावाच्या एका ब्रिटिश संगीतकाराचं.

फाउल्ड्स 1880 साली मँचेस्टरला जन्मले. तिथल्याच हॅले ऑर्केस्ट्रात ते चेलो वाजवत. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यांनी रचलेलं ‘वर्ल्ड रिक्वियम’ 11 नोव्हेंबर 1923 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे 1,250 गायक-वादकांनी सादर केलं. 1926 पर्यंत ते दरवर्षी होत राहिलं. नंतर ते पुन्हा उभं राहिलं थेट 11 नोव्हेंबर 2007 रोजी, त्याच सभागृहात. त्यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी व्हायोलिनवादक होत्या आणि भारतीय संगीताच्या गाढ्या अभ्यासक. 1935 मध्ये दोघं भारतात आले. फाउल्ड्स ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले, भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद बांधला आणि त्याच्यासाठी रचना केल्या. एप्रिल 1939 मध्ये बदली होऊन कलकत्त्याला पोचले आणि काही दिवसांतच कॉलऱ्याने गेले. वय 58. इथे लिहिलेली त्यांची ‘सिंफनी ऑफ ईस्ट अँड वेस्ट’ हरवली. त्या काळी रेडिओवर बहुतेक सगळं थेट वाजायचं. वाजलं आणि हवेत विरलं.

भजनी मंडळांतल्या मंडळींना फाउल्ड्स आणखी एका कारणाने माहीत असायला हवेत. 1938 मध्ये रेडिओच्या ‘इंडियन लिसनर’ या पाक्षिकात त्यांनी पेटीवर कडक टीका केली होती. पट्टीचे स्वर बांधलेले, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, दरबारीतला झुलता कोमल गंधार पेटीत सापडत नाही, असा एकूण आक्षेप. मार्च 1940 पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सत्तरच्या दशकात सैल होऊ लागली. बंदी अती होती असंच वाटतं. पण आक्षेप घेणाऱ्याचा कान पक्का होता, हे त्यांच्या ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ या पियानो कॉन्चेर्टोचा (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा) मधला भाग ऐकला की कळतं. त्यात तंतुवाद्यं पाव-पाव स्वरांनी सरकतात. ‘थ्री मंत्राज’मधला तिसरा मंत्र एकाच सप्तस्वरी मेळात चालतो, आणि आपल्याकडे कानडी-तेलुगू घरांत मेळकर्ता (कर्नाटक संगीतातली थाटांसारखी रागव्यवस्था) शिकलेल्यांना तो लगेच आपला वाटेल. वाद्यवृंद-संचालक साकारी ओरामो यांनी बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या 2004 आणि 2006 च्या दोन सीडींवर हे सगळं आहे. दुसरीवर ‘द साँग ऑफ राम दास’ नावाची छोटी रचनाही आहे. सुरुवात तिथूनच करावी.

हॅवर्गल ब्रायन (1876 ते 1972) या दुसऱ्या ब्रिटिश संगीतकाराची गोष्ट याच्या उलट. 32 सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) लिहिलेला हा माणूस. पण त्यांच्या सिंफनींची पहिली व्यावसायिक रेकॉर्ड मुद्रित झाली ती 1972 मध्ये, तीही लेस्टरशायरच्या शाळकरी मुलांच्या ऑर्केस्ट्राने. जवळजवळ दोन तासांची ‘गॉथिक’ सिंफनी वाद्यवृंद-संचालक एड्रियन बोल्ट यांनी 30 ऑक्टोबर 1966 रोजी वाजवली आणि बीबीसीने ती प्रक्षेपित केली. अशी प्रक्षेपणं श्रोत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली, एकमेकांना पाठवली, आणि वर्षानुवर्षं चाहत्यांकडे ऐकायला होतं ते हेच. पुढे काही प्रक्षेपणं वादकांची खोटी नावं छापून चोरट्या रेकॉर्डवरही निघाली. निवेदकाचा आवाज ज्यांनी फितीवर राहू दिला होता, त्यांच्याचकडे खरं काय ते होतं.

सोलापुरात ब्रायन निघतील असं नाही. निघेल गड्ड्याच्या जत्रेतलं भजन, आकाशवाणीवरची नाट्यगीतं, कुणाच्या आजोबांचं कीर्तन, शॉर्टवेव्हवरून पकडलेली बीबीसी. फीत मात्र तीच आणि तिचे रोगही तेच.

स्पूल हातात आला की आधी तो खिडकीशी उजेडात धरा. गुंडाळलेल्या फितीतून बाजूने उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची. काळी ठक्क दिसली तर बहुधा पॉलिस्टर. ॲसिटेट म्हातारी होते तशी वाकते, ठिसूळ होते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास मारते. असा वास आला तर तो स्पूल बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या फितींनाही बिघडवते, आणि सगळ्यांत आधी त्याचीच नक्कल करा. पॉलिस्टर तुटत नाही, ताणली जाते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, पाठीवरही काळा लेप असलेल्या काही फितींमध्ये लेपाला धरणारा चिकट थर दमट हवा शोषतो. अशी फीत वाजताना किंचाळते आणि हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिखल सोडते. तसं झालं की तिथेच थांबा, कारण तो चिखल म्हणजेच तुमचं गाणं. यावर इलाज आहे: साधारण 54 अंश सेल्सियसच्या स्थिर उष्णतेत काही तास फीत सुकवायची आणि पुढच्या काही आठवड्यांत नक्कल उरकायची. पण हे प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरचं काम आहे. स्वयंपाकघरातला ओव्हन किंवा मे महिन्यातली आपली गच्ची तिथे चालत नाही, तापमान वरखाली होतं. ॲसिटेट फीत तर कधीच भाजायची नाही.

जुना स्पूल फास्ट फॉरवर्डवर कधीही पळवू नका. साध्या गतीने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सोडा. वाटेत जुने चिकटपट्टीचे सांधे सुटतील, ते स्प्लायसिंग टेपने पुन्हा जोडा, घरगुती सेलोटेपने नको, तिचा गोंद पसरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. सात इंची स्पूलवर साधारण 1,200 फूट फीत मावते. सेकंदाला साडेसात इंच या गतीने ती 32 मिनिटं चालते, पावणेचार इंचांवर 64 मिनिटं. आवाज दुप्पट जलद किंवा रेंगाळलेला आला तर फीत खराब झाली असं समजून फेकू नका, आधी गतीचं बटण बदला. दोन गाणी एकावर एक, त्यातलं एक उलटं वाजत असेल तर फीत चार ट्रॅकची (मुद्रणाच्या चार पट्ट्यांची) आहे आणि मशीन दोन ट्रॅकचं.

कॅसेटचं दुखणं बहुतेक वेळा कॅसेटमध्ये नसून प्लेयरमध्ये असतं. प्लेयरने कॅसेट खाल्ली की दोष रबरी रोलरचा किंवा डांबर झालेल्या बेल्टचा. हेड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. रोलर मात्र साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा, अल्कोहोलने रबर हळूहळू कडक होतं. सी-120 कॅसेटची फीत फार पातळ, साधारण 9 मायक्रॉनची. ती आधी दोन्ही बाजूंनी एकदा पूर्ण गुंडाळून घेतल्याशिवाय वाजवू नका. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो तेव्हा बहुतेकदा हेडचा कोन मुद्रणाच्या कोनाशी जुळत नसतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अष्टमांश वळणाने फिरवा आणि झांजेचा, टाळाचा ‘छन्’ सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. डॉल्बीशिवाय (फितीची सळसळ कमी करणाऱ्या सोयीशिवाय) भरलेल्या कॅसेटला डॉल्बी लावलं तरी असाच मंदपणा येतो, म्हणून आधी ते बटण पाहा.

आता रेकॉर्ड. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते आणि खाचा पुसल्या जातात. एका वाटीभर शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, बस. आपल्या बोअरचं पाणी जड, ते वाळलं की खाचांत क्षार बसतात आणि तेच खरखर होऊन वाजतात. दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. पुसायला टर्किश टॉवेल नको. आपल्या गावचा टॉवेल अंग पुसायला नंबर एक, पण त्याच्या फासांचे तंतू खाचांत अडकतात. मखमलीचा तुकडा किंवा मायक्रोफायबरचं कापड घेऊन खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, साध्या शुद्ध पाण्याने पुन्हा पुसा आणि सावलीत उभी वाळवा. ठेवायच्याही उभ्याच. पत्र्याच्या खोलीत नको, उन्हाच्या भिंतीला नको.

एलपीची सुई साधारण 18 मायक्रॉनची, 78 ची साधारण 75. एलपीच्या सुईने 78 वाजवली तर ती खाचेच्या तळाशी घासत राहते, जिथे फक्त धूळ आणि खरखर असते. कर्ण्याच्या ग्रामोफोनवर दुर्मीळ तबकडी वाजवायचा मोह आवरा. लोखंडी पिन आणि जड साउंडबॉक्स प्रत्येक वेळी थोडं गाणं खरवडून काढतात.

गतीकडे बारकाईने पाहा. जुन्या तबकड्या सगळ्याच 78 वर भरलेल्या नसत. 76 वर भरलेली तबकडी 78 वर वाजवली की जवळजवळ पाव स्वर चढते. फाउल्ड्सच्या रचनेत पाव स्वर म्हणजे अर्थच बदलला, आणि आपल्या गायकाची काळी चारची पट्टीही काळी चार राहत नाही. घरी भरलेल्या फितीत विजेची बारीक घरघर असते, ती इथे उपयोगी पडते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये आलेख काढून ती 50 हर्ट्झच्या आसपास येते का ते पाहा. 52 आली तर मशीन जलद चालतंय. पूर्वी आपल्याकडे विजेची वारंवारिता खालीवर व्हायची, म्हणून शेवटचा निर्णय सुराच्या कानावर सोडा.

संगणकावर घेताना लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका. तिथे आवाज फाटतो आणि स्टिरिओही बहुतेकदा येत नाही. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी छोटी डबी) आणि प्लेयरचा लाइन आउट एवढं पुरे. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण 1 जीबी जागा लागते. आवाजाच्या पातळीचा काटा उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. घरघर वाढली तर लॅपटॉप चार्जरवरून काढा आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा. शेजारी यंत्रमाग चालत असतील तर हे काम माग बंद असतानाच करा, मोटारीची गुणगुण वायरमधून आत येते.

पहिली नक्कल जशी आली तशीच ठेवा. साफसफाई तिच्या प्रतीवर करा, आणि तीही थोडी. खरखर कमी करण्याचं यंत्र 6 डेसिबलपेक्षा जास्त ओढलं की तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा वाजतो. रात्रीच्या मीडियम वेव्हवरच्या मुद्रणात बारीक शिट्टी असते, ती शेजारच्या केंद्राची. केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर असतं म्हणून ती 9 वर, शॉर्टवेव्हवर 5 वर. तेवढीच एक अरुंद पट्टी कापा, बाकी काही नको. आणि निवेदकाचा आवाज, वेळेचे ठोके, मधल्या बातम्या यातलं काहीही कापू नका. तारीख शोधायला पुढे तेच कामी येतं. कॅसेटच्या वेष्टनावरची शाईतली ओळ, लेबल आणि रेकॉर्डच्या शेवटच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला आकडा यांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.

घरच्या ऐकण्यासाठी नक्कल करणं वेगळं, इंटरनेटवर टाकणं वेगळं. आपल्या कायद्यात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांचा, प्रक्षेपणाचा 25 वर्षांचा आहे, आणि रचनाकाराचा हक्क त्याहून निराळा मोजला जातो.

शेवटी एक विनंती. जुन्या सामानात 78 ची पाश्चात्त्य तबकडी निघाली तर लेबलावर फाउल्ड्स हे नाव शोधा. त्यांची ‘केल्टिक लॅमेंट’ ही छोटी रचना त्या काळी फार लोकप्रिय होती. त्याहून मोलाचे ‘इंडियन लिसनर’चे 1937 ते 1939 चे अंक. त्यात दिल्ली केंद्राचे रोजचे कार्यक्रम वेळेसह छापलेले असत. हरवलेल्या रचना कोणत्या दिवशी, किती मिनिटं वाजल्या, हे आता त्या पानांवरूनच कळू शकतं. शहरातल्या वाचनालयांनी आपले जुने गठ्ठे सोडून पाहावेत. अंक सापडला तर पान फाडू नका, चपटं करण्यासाठी इस्त्री करू नका. दोऱ्याची बांधणी तशीच ठेवून, मुखपृष्ठ आणि कार्यक्रमाचं पान दोन्हींचे सरळ वरून, दिवसाच्या उजेडात फोटो घ्या आणि वाचनालयाच्या नोंदवहीत तारीख लिहून ठेवा.

आपला,
एक रेकॉर्डप्रेमी वाचक, सोलापूर