नाना, माझं मागणीपत्र तुम्ही लिहिलंत

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

पत्र तुमच्या नावाने असलं तरी चारचौघांनी वाचावं म्हणून मुद्दाम उघडं लिहितेय. समोर बसून आभार मानायला गेले असते तर तुम्ही "असू द्या हो मॅडम" म्हणून विषय चहावर नेला असतात.

२७ वर्षं मी एकाच कारखान्यात काढली. टाइम ऑफिसातून सुरुवात केली आणि शेवटी एचआरची प्रमुख झाले. त्यातली बरीच वर्षं तुम्ही युनियनचे सरचिटणीस, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. २०१९ मध्ये कंपनीने आमचं खातंच आवरलं आणि मी ५२व्या वर्षी घरी बसले. 'एचआर सल्लागार' अशी पाचशे कार्डं छापून घेतली. त्या दिवाळीला मिठाईचे दोन डबे आले, त्यातला एक बँकेचा. आदल्या वर्षीचे मोजायचा कंटाळा आला होता. ज्यांना मी नोकरीला घेतलं होतं ते फोनवर "कळवतो मॅडम" म्हणायचे. खुर्चीत असताना मी तरी वेगळं काय म्हणत होते म्हणा.

डिसेंबरात तुमचा फोन आला. "मॅडम, भोसरीत एक शेड आहे, ३८ माणसं. माझा भाचा तिथेच आहे. ग्रॅच्युइटीवरून, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेवरून, मालक आणि एक म्हातारा फिटर भांडतायत. दोघंही खरे आहेत, फक्त हिशोब खोटा आहे. येता का?"

गेले. १९ वर्षं नोकरी, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६००. मालकाच्या मुलाने महिन्याचे दिवस ३० धरले होते आणि रक्कम काढली होती १,४८,२००. ग्रॅच्युइटीसाठी पगाराला भागायचं २६ ने, येईल त्याला १५ ने गुणायचं आणि मग वर्षांनी. म्हणजे १,७१,०००. फरक २२,८०० चा. मुलगा लबाड नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मालकाने तिथल्या तिथे फरकाचा चेक लिहून दिला. मग मला विचारलं, "तुमचे किती?" मी म्हणाले, "काय द्यायचं ते द्या."

बाहेर टपरीवर तुम्ही जे बोललात ते अजून कानात आहे. "आमच्याशी दोन-दोन रुपयांसाठी रात्री दोनपर्यंत भांडायचात, आणि इथे स्वतःचा भाव सांगता येईना?" मग खिशातून डायरी काढलीत, पान फाडलंत आणि युनियनच्या मागण्यांवर लिहायचात तसंच वर लिहिलंत: मागणीपत्र. मुद्दा क्र. १, दिवसाचा दर. मुद्दा क्र. २, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. मुद्दा क्र. ३, काम सुरू करण्याआधी निम्मे पैसे. मुद्दा क्र. ४, "जरा फोनवरच सांगा ना मॅडम" याचेही पैसे. दराचा आकडा मी लिहिला तर तुम्ही तो खोडून दीडपट केलात आणि म्हणालात, "खाली यायला जागा ठेवायची असते, हे मी तुम्हाला शिकवायचं का?"

त्या पानावर माझा धंदा उभा आहे. पहिल्या मोठ्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापून आला तेव्हा मी चक्क रागावले होते, जन्मभर इतरांचा कापूनसुद्धा. व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० आता मीच भरते. पगारातून हा कर कापला की तुम्ही दर फेब्रुवारीत विचारायचात ना, बाकी महिने २०० आणि याच महिन्यात ३०० का? अकरा महिन्यांचे २,२०० होतात, २,५०० पुरे करायला ३०० लागतात. हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, मला छळायला विचारायचात, हे मला फार उशिरा कळलं.

कामाचं म्हणाल तर छोटे कारखानेच जास्त. परवा एका मालकाने विचारलं, पॉशच्या, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर बाहेरची सदस्य म्हणून आमची मिसेस चालेल का? २१ नोव्हेंबर २०२५ ला जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यानंतरचा आठवडाभर फोन खाली ठेवता आला नाही. मूळ पगार बारीक आणि 'इतर भत्ते' गलेलठ्ठ ठेवणाऱ्यांची झोप उडाली होती. भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरायचा आणि ग्रॅच्युइटी त्या वेतनावर मोजायची, हे सांगितलं की समोर शांतता पसरते. त्या शांततेत आपल्या रात्रीच्या बैठका आठवतात. पगार देणाऱ्यालाच त्याची चूक सांगायची, हे मला नोकरीत फारसं जमलं नव्हतं. आता त्याचेच पैसे घेते.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. २०११ चा टूल डाऊन. काम एक दिवस बंद होतं आणि आम्ही पगार कापला आठ दिवसांचा. नोटीस न देता दहाजणांनी मिळून काम थांबवलं तर तसं करता यायचं, कायद्यात बसत होतं. त्या कागदावर सही माझी होती. त्याच महिन्यात तुमच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती, हे मला सही करताना माहीत होतं. वरच्यांना मी एकदा तरी "दोन दिवसांवर भागवू" म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. तुम्ही त्यावर आजतागायत अवाक्षर काढलं नाहीत, उलट आठ वर्षांनी मलाच काम आणून दिलंत. का, असं एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही कडक होता, पण टेबलावर खोटा आकडा कधी ठेवला नाहीत."

ते ऐकून बरं वाटलं, पण त्या सहीचं ओझं उतरलं नाही. म्हणून आभारांसोबत माफीही याच पत्रात मागते.

येत्या रविवारी चारच्या सुमारास येते. वहिनींना सांगा, जेवणाचा घाट घालू नका, चहा पुरे. ते डायरीचं पान आता घडीवर फाटायला आलंय, तेही आणते. दराच्या आकड्याला सहा वर्षं झाली, नवा करार करायला हवा.

तुमची,
मॅडम