एसजीपीटी वाढले, पण दोष यकृताचा नसेल तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ सप्टेंबर हा दिवस जगभर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायुविकाराच्या जागृतीसाठी पाळतात. तारीख उगाच निवडलेली नाही. ज्या जनुकातल्या दोषामुळे हा आजार होतो त्याचे एक्सॉन, म्हणजे तुकडे, एकूण ७९, म्हणून नवव्या महिन्याचा सातवा दिवस. त्या निमित्ताने छापून येतात ते मात्र व्हीलचेअरवरच्या मुलांचे फोटो. व्हीलचेअर लागते साधारण दहा-बारा वर्षांच्या वयात. आजार त्याच्या कितीतरी आधीपासून घरातल्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

मुलगा दीड वर्षाचा झाला तरी चालत नाही. पुढे चालतो, पण धावताना मागे पडतो, चवड्यांवर चालतो, जिना चढताना कठडा धरतो. पोटऱ्या मात्र टणक आणि भरलेल्या, त्यामुळे आजी-आजोबा खूश: पैलवान होणार! खरे तर त्या पोटऱ्यांत स्नायूंची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेत असतात. ‘याचा मामाही असाच अडखळायचा’ हे वाक्य तर दिलासा म्हणून बोलले जाते, पण ते गांभीर्याने घ्यायला हवे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे दोष आईकडून मुलाकडे येऊ शकतो. अर्थात सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्याने निर्माण होतो. घराण्यात कोणाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते. मुलाला जमिनीवर बसवा आणि कशाचाही आधार न घेता उठायला सांगा. चार-पाच वर्षांचे निरोगी मूल झटकन उभे राहते. हा मुलगा आधी ओणवा होतो, पाय फाकवतो, मग हात गुडघ्यांवर, तिथून मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. कमरेचे आणि मांडीचे स्नायू आधी दुबळे होतात म्हणून हे घडते. याला गॉवर्सची खूण म्हणतात.

स्नायू आकसतो तो ॲक्टिन आणि मायोसिन हे प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकल्यामुळे. ही ओढ प्रत्येक वेळी स्नायुपेशीच्या पातळ आवरणावरही येते. डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन आतल्या ॲक्टिनला या आवरणाशी बांधून ठेवते आणि धक्का पसरवून देते. ड्युशेनमध्ये तेच जवळजवळ नसते. आवरण फाटते, कॅल्शियम नको तितके आत शिरते, आतली विकरे (एन्झाइम्स) रक्तात गळतात. पेशी काही वर्षे स्वतःची डागडुजी करत राहते, मग ती ताकदही संपते.

आमचा मुख्य मुद्दा या गळतीचा आहे. तापासाठी रक्त तपासले जाते आणि एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी विकरे दोन-तीनशेच्या घरात निघतात. लगेच सोनोग्राफी, काविळीच्या तपासण्या, लिव्हर टॉनिक, कधी यकृताची बायोप्सीसुद्धा. यात महिनेच नव्हे, वर्षेही जातात. पण ही दोन्ही विकरे स्नायूंतही असतात! जीजीटी हे यकृताच्या तपासणीतले तिसरे विकर मात्र स्नायूंतून येत नाही. एसजीपीटी वाढलेले आणि जीजीटी नॉर्मल असेल तर पुढची तपासणी सीपीके या स्नायूंतल्या विकराची. ती साध्या लॅबमध्ये होते, उपाशी राहावे लागत नाही. नॉर्मल आकडा साधारण दोनशेपर्यंत; या मुलांत तो बहुधा दहा-वीस हजारांवर असतो. पडझड किंवा दंडातल्या इंजेक्शनानेही सीपीके वाढते, पण ती वाढ तुलनेने थोडी असते आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासल्यावर उतरते. सीपीके खूप जास्त निघाले तर रक्तावरची एमएलपीए ही जनुकीय तपासणी करावी. तीत सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा दोष सापडतो. सापडला नाही म्हणजे आजार नाही असे नव्हे. मग जनुकाचे पूर्ण सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचन, लागते.

‘उपाय नाही तर निदान लवकर कशाला’ असे काही डॉक्टरही म्हणतात, आणि ते चूक आहे. स्टिरॉइड वेळेवर सुरू झाले तर चालणे काही वर्षे लांबते. प्रेडनिसोलोनचे रूढ प्रमाण रोज किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला १५ मिलिग्रॅम; अर्थात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी त्याआधी उरकाव्यात. गोळी परस्पर अचानक कधीही बंद करू नये, जिवावर बेतू शकते. टाचेच्या शिरा रोज हलक्या हाताने ताणाव्यात, रात्री स्प्लिंट बांधावा. हृदयही स्नायूच आहे, तेव्हा निदानापासूनच ठरावीक काळाने टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवी.

शाळांनाही एक विनंती. भाराखाली स्नायू लांबतो तेव्हा आवरण सर्वांत जास्त फाटते: जिना उतरताना, बैठका काढताना. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून उठाबशांची शिक्षा देणे म्हणजे उरलेले स्नायू आपल्या हाताने तोडणे. वर्ग तळमजल्यावर द्यावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्पष्टपणे आहे. पालकांनी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढून घ्यावे.

आणि निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवावे: ‘भूल देताना सक्सिनिलकोलीन वापरू नये.’ हर्नियासारख्या साध्या शस्त्रक्रियेतही स्नायू सैल करणाऱ्या त्या एका इंजेक्शनाने रक्तातले पोटॅशियम भडकून हृदय बंद पडू शकते.

आपले,
बालरोग आणि फिजिओथेरपी क्षेत्रातील काही डॉक्टर, सोलापूर