लाकडी जमीन बिघडते ती दारात

महोदय,

घरसजावटीच्या लेखांतून वुडन फ्लोअरिंगच्या रंगांविषयी आणि पोताविषयी भरपूर लिहिले जाते. दोन खोल्यांमधल्या दारात ही जमीन कशी संपवावी, याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. ठाणे-मुंबईच्या दमट हवेत जमीन फुगली की दोष फळ्यांच्या दर्जाला दिला जातो. पुष्कळदा तो दारातला सांधा झाकणाऱ्या पट्टीचा असतो.

अशा जमिनीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लॅमिनेटच्या, म्हणजे वर लाकडासारखा दिसणारा थर असलेल्या, फळ्या खालच्या फरशीला चिकटवलेल्या नसतात, तर फोमच्या पातळ थरावर एकमेकींत अडकवून नुसत्या टेकवलेल्या असतात. त्यांचा गाभा दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा असल्यामुळे त्या पावसाळ्यात प्रसरण पावतात आणि कोरड्या हवेत आकसतात. म्हणून चहूबाजूंनी साधारण 8 ते 10 मिलिमीटर फट सोडावी लागते. भिंतीलगतची फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जात असल्याने कारागीर ती सोडतात. दारात मात्र ती डोळ्यांत भरते, त्यामुळे एक तर फळ्या चौकटीला भिडवल्या जातात, नाही तर वर ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून तिचे स्क्रू थेट फळ्यांतून आरपार मारले जातात. दारात अशी जखडलेली जमीन पहिल्याच पावसाळ्यात खोलीच्या मध्यभागी उचलली जाते.

खरे तर दोन्ही खोल्यांच्या फळ्या बंद दाराच्या बरोबर खाली थांबवाव्यात, मधल्या फटीतून पट्टीचा पाया खालच्या फरशीत प्लग व स्क्रूने बसवावा आणि टी-आकाराची पट्टी त्यावर दाबावी. तिचे पंख फळ्यांवर केवळ टेकले पाहिजेत. चौकट लाकडी असेल, तर फळीचा आणि फोमचा तुकडा शेजारी ठेवून त्या उंचीवर करवतीने तिचा तळ कापावा, म्हणजे फळी आत सरकते आणि कोपऱ्यात पुटी भरण्याची वेळ येत नाही. छिद्र पाडण्यापूर्वी खालून पाण्याची वा विजेची नळी गेलेली नाही ना, याची खात्री करावी. दाराचा तळ रंधून घेण्याचे काम तर बहुतेकांना जमीन बसल्यावर, दार अडकू लागले की आठवते!

एका खोलीत जुनी फरशी तशीच राहणार असेल, तर 8 मिलिमीटरची फळी आणि फोम मिळून जवळपास 10 मिलिमीटरची पायरी तयार होते. तिथे टी-पट्टी नको, उतरती पट्टी हवी. अपंग व्यक्तींच्या सुगम वावराविषयीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उंबरठा 12 मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. पण पाय घासत चालणाऱ्या वृद्धांना याहून कमी उंचीची उभी कडही अडखळवते, म्हणून उतार महत्त्वाचा. न्हाणीघराच्या दारातील ग्रॅनाइटचा उंबरा मात्र काढू नये, कारण पाणी अडवण्याचे काम तोच करतो. फळ्या त्याच्या अलीकडे थांबवून मधली फट लवचिक सिलिकॉनने भरावी. मुख्य दाराच्या उंबऱ्याला, जिथे हळदकुंकू वाहिले जाते, हात लावण्याचे तर काहीच कारण नाही.

ही हयगय होण्याचे मूळ व्यवहारात आहे. फ्लोअरिंगचा दर चौरस फुटावर ठरतो, पट्ट्या रनिंग फुटांवर, म्हणजे नुसत्या लांबीवर, मोजल्या जातात आणि दरपत्रकात बहुधा त्यांचा उल्लेखच नसतो. साहजिकच शेवटच्या दिवशी हाती लागेल ती पट्टी ठोकली जाते. ग्राहकांनी प्रत्येक दारासाठी कोणती पट्टी आणि ती कशी बसवणार, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी घ्यावे, आणि ठेकेदारांनीही ते आपणहून द्यावे.

आपला,
एक वाचक, ठाणे