अकरा वाजून दहा मिनिटं

हैदराबाद,
रविवार दुपार

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं आई म्हणेलच. फोनवर बाबा सगळ्याला "हो हो, चाललंय की" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. त्यांना निम्मं ऐकूच आलेलं नसतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो. जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून वाचा. आई, आधी एकटीनं वाचून गादीखाली ठेवू नकोस.

मी गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आले होते तेव्हाचं बोलायचंय. बाबा, तुम्ही होम मैदानावरून रिक्षानं निघालात आणि जुळे सोलापूरला यायचं सोडून साखर पेठेतल्या जुन्या घरासमोर उतरलात. ते घर सोडून नऊ वर्षं झाली. तिथल्या मुलीनं तुम्हाला पाणी दिलं, खिशातल्या डायरीत बघून मला फोन केला. मी पोचले तेव्हा तुम्ही कट्ट्यावर बसून रिक्षावाल्याला "काय बे, कुठं आणून सोडलास" म्हणत होता. रिक्षावाला केव्हाच गेलेला. घरी आल्यावर आईनं शेजारी सांगितलं, रिक्षावाल्याचीच चूक. मीही मान डोलावली.

त्याची आता लाज वाटते. इथं मेंदूविकाराच्या ओपीडीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या आईबाबांची स्मरणशक्ती तपासते. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळानं परत विचारायचे, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचं, घड्याळ काढायला सांगायचं. आणि आपल्या घरात मान डोलावून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला घड्याळ काढायला सांगितलं, आठवतं? वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागं. तुम्ही वाटी उपडी ठेवून गोल काढलात, चाटी गल्लीतल्या दुकानाच्या खातेवहीत काढायचात तसे आखीव आकडे घातलेत. मी म्हटलं, आता अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तुम्ही एक काटा अकरावर नेलात आणि दुसरा दहावर. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर, हे मनात पलटून घ्यावं लागतं. कानावर पडलेल्या आकड्याकडं हात आपसूक धावतो, त्याला आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. चुलीशी उभी असलेली आई म्हणाली, "अगं, त्यांच्या डोळ्यावर चष्मा नव्हता." चष्मा होता, आई. एका घड्याळावरून कुणी निदान करत नाही, मीही करत नाही. पण ती यादी मी पर्समध्ये घालून आणली आहे.

मग आपण ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दोन मिनिटांत ताकदीचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, सत्तरी ओलांडली, आता विसरणारच. तुम्हाला बरं वाटलं. मला नाही. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वयाचं असेल. नऊ वर्षांपूर्वीच्या घरी जाणं वयाचं नसतं. विसरण्याचा अल्झायमर हा आजार ज्यांच्या नावानं ओळखला जातो, त्या आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला ज्या बाईंना तपासलं आणि १९०६ मध्ये ज्यांच्या मेंदूतला गुंता सगळ्यांपुढं मांडला, त्या दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. आपल्या देशात साठीपुढच्या लोकांच्या पाहणीतून २०२३ मध्ये आलेला डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, आकडा ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. खूप आहेत. पण शंभरातल्या ९२-९३ जणांना डिमेन्शिया नाही, आणि वय त्यांचंही झालेलंच आहे.

आता मला ज्या गोष्टी खटकतात त्या सांगते. सगळ्या घरातल्याच आहेत.

बाबा, साखरेसाठी तुम्ही मेटफॉर्मिन घेता त्याला अठरा वर्षं झाली. ही गोळी चांगलीच आहे, बंद करू नका. पण वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. त्यात तुम्ही माळ घातल्यापासून अंडंमटण सुटलं, आणि दूधही तुम्ही चहापुरतंच घेता. बी-१२ कमी पडलं की नसांवरचं वेष्टण झिजतं. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि विसरायलाही होतं. तुमच्या पायाच्या मुंग्या आपण सगळ्यांनी साखरेच्या नावावर टाकल्या. ही तपासणी रक्ताच्या एका बाटलीवर होते. थायरॉइडचीही त्याच बाटलीतून. ही कमतरता लवकर सापडली तर काही जणांची स्मृती बऱ्यापैकी सुधारते. सगळ्यांची नाही, तेही सांगून ठेवते.

दुसरी ती रात्रीची पिवळी गोळी. दुकानातल्या सुताच्या धुळीनं सुरू झालेली सर्दीची सवय अजून गेली नाही. मी पाकीट बघितलं, आत क्लोरफेनिरामाइन आहे. जुन्या पद्धतीची ही औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन नावाच्या निरोप्याला अडवतात, आणि आठवण साठवायला तोच लागतो. अल्झायमरवर जी डोनेपेझिलची गोळी देतात ती नेमका हाच निरोप्या टिकवून धरायचा प्रयत्न करते. एका हातानं घागर भरायची आणि दुसऱ्या हातानं भोक पाडायचं, असं होतं. इथं ओपीडीत पहिलं काम म्हणजे आलेल्यांच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायच्या. निम्म्या गोळ्या कुणी कधी लिहून दिल्या हे घरच्यांनाही माहीत नसतं.

तिसरी गोष्ट, दिवाळीत न्हाणीघरात घसरलात ती. टेंगूळ आलं, आईनं हळद लावली, विषय संपला. उतारवयात डोक्याला लागलं की कवटीच्या आत मेंदूवर रक्त हळूहळू, आठवडे आठवडे साचू शकतं, आणि माणूस गोंधळल्यासारखा वागतो. ते स्कॅनमध्ये दिसतं आणि काढताही येतं. म्हणून स्कॅन हवाय. मला काही भयंकर सापडेल अशी खात्री आहे म्हणून नव्हे.

आणि कान. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जाणकार मंडळानं डिमेन्शियाची आटोक्यात आणता येतील अशी १४ कारणं मांडली. ही सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज. रक्तदाब, साखर, तंबाखू तुम्हाला माहीत आहेत. पण मध्यम वयातला बहिरेपणा त्यात फार वरचा आहे, हे ऐकून तुम्ही हसाल. अर्धवट ऐकू आलेलं जुळवण्यातच मेंदू दमतो, आणि माणूस हळूहळू बैठकीतून उठून जातो. तुम्ही कट्ट्यावरच्या पत्त्यांना जाणं कधी सोडलंत, सांगा बरं? कानाच्या मशीनचा २०२३ मधला एक मोठा प्रयोग आहे, ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकार-रक्तदाबाचा धोका जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यानं मंदावली. तुम्ही कोणत्या गटात बसता हे तुमच्या गोळ्यांच्या डब्यावरून कळतं. "मशीन लावलं की म्हातारा दिसतो" हे बास झालं.

मामांनी ग्रुपवर टाकलेल्या नव्या इंजेक्शनच्या मागं आत्ता लागू नका. लेकॅनेमॅबनं दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली हे खरं, पण ते सुरुवातीच्या अल्झायमरसाठीच आहे, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का यावर सारखं लक्ष ठेवावं लागतं, आणि आपलं दुखणं मुळात अल्झायमर आहे का हेच अजून कुणी तपासलेलं नाही.

बाबा, तुमच्या चटपटीत बोलण्यावर माझा आता भरवसा नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. पूर्व भागातले विणकर पैसे न्यायला यायचे तेव्हा तुम्ही त्यांच्याशी तेलुगूत, अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, शेटजींशी हिंदीत आणि माझ्यावर मराठीत ओरडायचात, सगळं एका दमात. माझी इथली नोकरी तुमच्या त्या दुकानातल्या तेलुगूवर चालते. इथल्याच निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये छापून आला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया साडेचार वर्षं उशिरा दिसला, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांनाही. माणसांना वर्षानुवर्षं पाहत राहिलेल्या काही अभ्यासांत हे तितकं दिसलं नाही, त्यामुळं वाद चालू आहे. पण मला त्यातली दुसरी बाजू टोचते. ज्याच्या गाठीला जास्त, त्याची तूट उशिरा कळते. आत सूत तुटत असलं तरी वरून चादर धड दिसते.

तुमची तूट मला बोलण्यात दिसली नाही, दूधवाल्याच्या वहीत दिसली. नोव्हेंबरचे पैसे दोनदा दिलेत. अमेरिकेतल्या संशोधकांना असं आढळलं की निदानाच्या पाच-सहा वर्षं आधीपासूनच बिलं चुकायला लागतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब पैशापर्यंत जुळवलेला माणूस, आणि आईवर पैसे लपवल्याचा आळ. आई, त्या रात्री ते तुझ्यावर ओरडले तो त्यांचा स्वभाव नव्हता. तू रडलीस हे मला पलीकडच्या काकूंनी सांगितलं. तू नाही सांगितलंस.

मी पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी पहाटे सोलापूरला. बाबांनी उपाशीपोटी थांबायचं, साखर तपासायची आहे. सगळ्या गोळ्या, जुने कागद आणि दूधवाल्याची वही एका पिशवीत भरून ठेवा. बी-१२ चं इंजेक्शन आधीच टोचून घेऊ नका, मग आकडा खोटा येतो. पिवळी गोळी आजपासून बंद. नाक गळलं तर वाफ घ्या. बाकी कुठल्या गोळीला हात लावू नका.

तुमची,
ताई

ता.क. आई, डॉक्टर बाबांना जे विचारतील त्याचं उत्तर बाबांनीच द्यायचं. वार कुठला विचारलं आणि ते गप्प बसले तरी तू ओठ हलवायचे नाहीत. मी तुझ्या शेजारीच बसणार आहे.