कवच एकाचं, कंबर दुसऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जबलपूरच्या ‘लॅमेटासॉरस’ या डायनासोरचं पानभर रंगीत चित्र होतं. पाठीवर चिलखत, तोंडात पाला. नातीनं ते कापून वहीत चिकटवलं. मी मटणवाला, चाळीस वर्षं हाडांतच गेली. सहज विचारलं, याची हाडं कोणकोणती सापडली गं? लेखात त्याचा पत्ताच नाही.

मग जावयानं मोबाईलवर शोधून दिलं. जबलपूरच्या ‘बारा सिमला’ नावाच्या टेकडीतून मॅटली या इंग्रज संशोधकाला कमरेची हाडं, नडगी आणि कवचाच्या सुट्या चकत्या मिळाल्या. तेवढ्यावर १९२३ साली त्यांनी चिलखती प्राणी उभा केला. १९३५ साली चक्रवर्ती या संशोधकांनी हरकत घेतली, की कंबर-नडगी मांसाहारी डायनासोरची, कवच दुसऱ्याच कुणाचं. आज तज्ज्ञही हाडांची सरमिसळ झाली असंच मानतात. म्हणजे तुम्ही ज्याच्या तोंडात पाला दिलात, त्याची कंबर मांस खाणाऱ्याची!

संध्याकाळी माझ्या ओंडक्याखालची पाटी बघा. बोकडाची नळी, मेंढीची बरगडी, त्यात शेजारच्या चिकनवाल्याचे पाय. ती पाटी तशीच पुरली आणि कुणी सात कोटी वर्षांनी उकरली, तर कोल्हापुरात कोंबडीच्या पायांचा बोकड होता असं ठरायचं.

थोड्या हाडांवरून सांगितलेलं सगळंच खोटं, असं माझं म्हणणं नाही. मोरोक्कोच्या ‘स्पिकोमेलस’ या चिलखती डायनासोरचं नाव २०२१ साली एका बरगडीवरूनच ठेवलं. पण तिथं काटे बरगडीतूनच निघालेले, हाडात हाड एकजीव. बकरं सोलताना कातडं बरगडीवरून मुठीनं सुटून येतं, सुरीसुद्धा फारशी लागत नाही. इथं कातड्यावरचा काटाच हाडाला जुळलेला. मग दोन जनावरांची भेसळ होणार कशी? २०२५ मध्ये आणखी हाडं जाहीर झाली, तर मानेभोवती ८७ सेंटिमीटरचे काटे! जबलपूरच्या चकत्या मात्र सुट्याच होत्या.

तेव्हा चित्र खुशाल रंगीत छापा, पण कोपऱ्यात एक छोटी आकृती द्या आणि सापडलेली हाडं तेवढी काळी करा. पुढं कधी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनासोरांवर लिहाल, तेव्हाही.

नातीनं वहीतल्या चित्रात कंबर आणि नडगी ठेवून बाकीचं खोडायला घेतलंय. चकत्या खोडू का ठेवू, म्हणून सकाळपासून माझ्या मागं लागली आहे.

आपला,
एक मटण दुकानदार, कोल्हापूर