आवाज गेला तर बोर्ड बदलण्याआधी सेटिंग पाहावी

महोदय,

गेल्या महिन्यात इंदिरानगरमधील आमच्या घरचा टीव्ही अर्धा मुका झाला. टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे चित्रपट दाखवणाऱ्या छोट्या स्ट्रीमिंग स्टिकच्या मेनूत रिमोटचे बटण दाबले की टिक् असा आवाज येई, यूट्यूबवरील कीर्तनही स्वच्छ ऐकू येई, परंतु एका ॲपवर चित्रपट लावला की पात्रांचे ओठ हलत आणि घरात शुकशुकाट. मूकपटांचा काळ गाजवणारे दादासाहेब फाळके आपल्याच त्र्यंबकेश्वरचे असले, तरी दरमहा वर्गणी भरून मूकपट पाहण्याची आमची तयारी नव्हती. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने टीव्हीचा ऑडिओचा भाग गेल्याचे निदान केले, आतला सर्किट बोर्ड बदलण्यास साडेचार हजार रुपये लागतील असे सांगितले आणि भेटीचे ३५० रुपये घेऊन तो गेला. त्याच संध्याकाळी बारावीत शिकणाऱ्या पुतणीने सेटिंगमधील एक पर्याय बदलला व टीव्ही बोलू लागला. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, ‘ध्वनी’ हा धडा न चुकता शिकवला, तरी हे मला सुचले नाही, म्हणून हे पत्र.

घडले होते ते असे. मेनूचा टिक् आवाज आणि बहुतेक साधे व्हिडिओ डावी व उजवी अशा दोन ध्वनिवाहिन्यांच्या स्टिरिओ स्वरूपात येतात, जे कोणताही टीव्ही वाजवू शकतो. चित्रपट मात्र अनेक ॲप डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या स्वरूपात पाठवतात. स्टिकचे सेटिंग ‘पासथ्रू’ किंवा ‘बेस्ट अव्हेलेबल’ असे असेल, तर ती तो संदेश न उलगडता जसाच्या तसा पुढे ढकलते, आणि पुढच्या टीव्हीला किंवा साउंडबारला (टीव्हीखाली ठेवण्याच्या लांबट स्पीकरला) तो वाचता येत नसेल तर काहीच वाजत नाही. म्हणूनच मेनू बोलतो आणि चित्रपट बोलत नाही, असे लक्षण दिसले तर स्पीकर किंवा बोर्ड बहुधा निकामी झालेला नाही असे समजावे. स्पीकर गेला असता तर टिक् आवाजही आला नसता. फायर टीव्हीवर ‘डिस्प्ले अँड साउंड्स’ मधील ‘ऑडिओ’ येथे, तर अँड्रॉइड टीव्हीवर ‘डिस्प्ले अँड साउंड’ मधील ‘ॲडव्हान्स्ड साउंड सेटिंग्ज’ येथे हा पर्याय सापडतो. आवृत्तीनुसार नावे थोडी बदलतात. तेथे ‘पीसीएम’ (म्हणजे उलगडलेला साधा ध्वनी) किंवा ‘स्टिरिओ’ निवडले की उलगडण्याचे काम स्टिकच करते. पुतणीने नेमके हेच केले.

यापेक्षा अधिक घरांत ऐकू येणारी तक्रार वेगळी आहे. गाणी आणि मारामारी कानठळ्या बसवतात, संवाद मात्र कुजबुजल्यासारखे येतात आणि घरातील ज्येष्ठ मंडळी रिमोट हातातून सोडत नाहीत. चित्रपटाचा ध्वनी बहुधा ५.१ या पद्धतीने बांधलेला असतो, म्हणजे डावी, उजवी, मधली, मागच्या दोन आणि एक केवळ खर्जासाठी, अशा सहा वाहिन्या. त्यांतील मधली वाहिनी प्रामुख्याने संवादांची. आपल्या टीव्हीला स्पीकर दोनच. त्यामुळे मधल्या वाहिनीतील संवाद कमी पातळीवर डावी-उजवीकडे मिसळले जातात, तेथे आधीच पार्श्वसंगीत असते, आणि नायकाचे वाक्य वाद्यवृंदात बुडते. त्यात आजच्या सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. आपले दिवाणखाने फरशीचे आणि मोकळ्या भिंतींचे, त्यामुळे आवाज घुमतो. आम्ही टीव्हीसमोर जुनी सतरंजी अंथरली आणि खिडकीला जाड पडदा लावला, तेवढ्यानेही फरक पडला.

येथे कानाचाही वाटा आहे, हे मी माझ्या वयाच्या वाचकांना विशेष सांगू इच्छितो. वय वाढते तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि शब्द ओळखण्यासाठी लागणारी ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजने त्याच पट्टीत असतात. स्वरांचा जोर मात्र खालच्या पट्टीत असतो. म्हणून आवाज वाढवला की गलका वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत, आणि शेजारच्या घरातून मात्र निरोप येतो. यावर उपाय आवाज वाढवण्याचा नसून मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी करण्याचा आहे. बहुतेक टीव्हींत आणि साउंडबारांत ‘नाइट मोड’, ‘व्हॉल्यूम लेव्हलिंग’, ‘डायलॉग’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ अशा नावांनी ही सोय असते. काही ॲपमध्ये भाषेच्या यादीत एकच भाषा दोनदा दिसते, एकदा ५.१ या आकड्यासह आणि एकदा त्याविना. केवळ टीव्हीच्या स्पीकरवर पाहणाऱ्यांनी आकडा नसलेली निवडावी.

साउंडबार असलेल्यांची गोष्ट निराळी. टीव्हीला मागे एचडीएमआय या चित्र व आवाज नेणाऱ्या वायरीची तीन-चार भोके असली, तरी त्यांतील बहुधा एकाच्याच शेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेले असते, आणि टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत नेण्याची सोय त्यातच असते. एआरसी ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून, तर ईएआरसी २०१७ च्या २.१ पासून आली. वायर शेजारच्या भोकात घातली, तर चित्राला काही होत नाही, आवाज मात्र येत नाही, आणि दोष साउंडबारच्या माथी जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू आहे ना, हेही पाहावे. प्रत्येक कंपनीने त्यास स्वतःचे भलतेच नाव दिलेले असते. जुन्या ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी डिजिटल जाते, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, म्हणून ती वापरणाऱ्यांनीही वर सांगितलेला पर्याय बदलून पाहावा. सर्व योग्य असूनही आवाज येत नसेल, तर तिन्ही उपकरणांचे प्लग मिनिटभर काढून ठेवावेत आणि आधी टीव्ही, मग साउंडबार, शेवटी स्टिक अशा क्रमाने सुरू करावीत, कारण ही यंत्रे सुरू होतानाच एकमेकांना कोणते स्वरूप चालते ते विचारून घेतात आणि तो सवाल-जवाब कधी अर्धवट राहतो.

ओठ आणि शब्द जुळत नसल्याची तक्रार आली, तर प्रथम ब्लूटूथकडे पाहावे. ब्लूटूथच्या स्पीकरपर्यंत आवाज पोहोचण्यास दशांश ते पाव सेकंद सहज लागतो. गोदाघाटावर पलीकडच्या काठावर कोणी धुणे आपटत असेल, तर हात आधी खाली येतो आणि आवाज मागून येतो. सुमारे ३४ मीटर अंतराला दशांश सेकंद लागतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. कान या उशिराला सरावलेले असतात, आवाज चित्राच्या आधी येणे मात्र त्यांना सहन होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला जाणवतो, उशीर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. वायरने जोडूनही आवाज आधी येत असेल, तर टीव्ही चित्र ‘सुधारण्यात’ वेळ घालवत असतो. ती सुधारणा बंद करावी किंवा ‘ऑडिओ डिले’, म्हणजे आवाजाचा उशीर, थोडा वाढवावा.

आवाज मध्येच अडखळून स्टिक पुन्हा सुरू होत असेल, तर तिला टीव्हीच्या यूएसबीवर न चालवता सोबत आलेल्या अडॅप्टरवर लावावे. साधी यूएसबी २.० अर्धा अँपिअरच देते, आणि स्टिकला तो कमी पडू शकतो. आणि चित्रपटात अचानक कोणी तिऱ्हाईत ‘ती दार उघडते’ असे सांगू लागला, तर घाबरू नये; दृष्टिहीनांसाठीचे ध्वनिवर्णन चुकून चालू झालेले असते, ते भाषेच्या यादीतून बंद होते. आमच्या मातोश्रींना मात्र ते आवडले.

आमच्याकडे आलेल्या त्या कारागिराला मी नंतर फोन केला. पुढच्या घरी तरी बोर्ड बदलला जाऊ नये, एवढाच हेतू होता. तो अप्रामाणिक नव्हता. त्याला जुन्या टीव्हींचे शिक्षण मिळाले होते आणि सेटिंगचे फोटो त्याने व्हॉट्सॲपवर मागून घेतले. माझी तक्रार विक्रेत्यांकडे आहे. स्टिकच्या खोक्यात इंग्रजी घडीपत्रिका होती, तीत आवाजाविषयी एक ओळही नव्हती, आणि मी विचारले तेव्हा दुकानदाराने साउंडबार घ्या, एवढेच सुचवले. नाशिकमधील इलेक्ट्रॉनिक्स विक्रेत्यांनी प्रत्येक स्टिक व साउंडबारसोबत मराठीत एक पान द्यावे, त्यात कोणती वायर कोणत्या भोकात आणि कोणत्या टीव्हीला कोणता पर्याय एवढे असावे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी बोर्डाचा खर्च सांगण्यापूर्वी त्याच टीव्हीवर सेट-टॉप बॉक्सचा किंवा पेन ड्राइव्हवरील गाण्याचा आवाज वाजवून दाखवावा, अशी विनंती मी आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
इंदिरानगर, नाशिक